वायरी निम्म्याच बांधल्यात

दादा,
तुझा तो इवलासा गेमिंगचा कॉम्प्युटर उघडला. वायरी मागून नीट ओढून बांधायला घेतल्या आणि पंख्याला हात लागला. शी! पाती डांबरासारखी चिकट. तीनदा साबण लावला तरी बोटांचा वास जात नाही. धुळीला असा वास नसतो, सिगरेटला असतो. हे पंखे मी नवेकोरे बसवले होते, तू वहिनीसमोर सिगरेट सोडल्याची शपथ घेतलीस त्यानंतर! तिला सातवा महिना आहे, आणि ती त्याच खोलीत झोपते. किळस आली मला. पंख्याची नाही, तुझी.

वहिनी संध्याकाळी येईल. तूच सांग तिला. त्याआधी झाकण लावून मोकळा होशील, ओळखून आहे तुला. म्हणून स्क्रू घेऊन चाललेय.