नेट जोडलं की बंद

अंबरनाथ, मंगळवार

आज ऑनलाइन मुलाखत होती. नेट जोडलं आणि कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला. नेट काढलं की दिवसभर नीट चालतो. महिनाभर हेच. मी राउटर बदलला, व्हायरस शोधला, उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या दुकानात नेऊन रॅमही बदलून आणली. नवरा म्हणायचा, "जुना झालाय गं, सोड नाद."

मुलाखत हुकली तेव्हा चिडून एकेक सेटिंग उघडत बसले. तिथे एक आज्ञा सापडली: नेट सुरू होताच कॉम्प्युटर बंद कर. म्हणजे बिघाड नव्हताच! कुणीतरी मुद्दाम केलेलं. आणि माझ्याशिवाय त्याला हात फक्त नवराच लावतो.

जेवताना विचारलं. तो हसला. "सापडलं का? हुशार आहेस."

"पण का केलंस?"

त्याने भाजी वाढून घेतली. माझ्या पोळीला तूप लावता लावता सासूबाईच बोलल्या, "मीच सांगितलं त्याला. तू नोकरीला गेलीस की माझं कोण करणार? जेव, गार होतंय."

सकाळी ह्याच बाईंनी माझ्या हातावर दही ठेवलं होतं. "यश घेऊन ये," म्हणाल्या होत्या. साखर घातलेलं दही. साखरसुद्धा विसरल्या नव्हत्या.

आणि मी? मी जेवले. दुसरी पोळीसुद्धा घेतली.