फुलोरा संपल्यावर

९ एप्रिल २००३

"हिच्या हाताला काही टिकत नाही," असं सासूबाई वीस वर्षांपूर्वी म्हणाल्या होत्या, मी लावलेला मोगरा वाळला म्हणून. पुढे त्यांचा मुलगाही माझ्याकडे टिकला नाही. पण लेकाला, पृथ्वीराजला, मी एकटीने वाढवलं, आणि आज राधानगरीच्या वरच्या अंगाला टेम्पोतून मधपेट्या उतरवताना हे सगळं आठवून चक्क हसू आलं. एकही पेटी दगावली नाही. घाटरस्त्याचे हादरे खाऊनसुद्धा माझ्या पाळीव सातेरी माशा दुपारीच कामाला लागल्या.

वाडीतल्या बायकांना मधमाशीपालन शिकवायचं आणि पाऊस लागण्याआधी परतायचं, एवढंच काम. धोंडुबाईंनी परसातली खोली दिली आहे. घरात त्या, मुलगा हंबीरराव आणि सून वर्षाराणी. जेवायला नाचणीची भाकरी आणि झणझणीत झुणका. खिडकीतून समोरचा कडा दिसतो. आग्या माशांची पोळी त्याला लटकली आहेत, काळी घोंगडी वाळत घातल्यासारखी. खाली विहीर. फार सुंदर जागा आहे. इथे लिहायला वेळ मिळेल.

२० एप्रिल

जांभूळ फुललं आहे. झाडाखाली उभं राहिलं की डोक्यावर पिठाची गिरणी चालल्यासारखं वाटतं. अंजनीची झुडपं निळीजांभळी झाली आहेत, हिरडाही लवकरच येईल.

आज नर माशी समजावून सांगितली. नराला नांगी नसते, तो मध गोळा करत नाही. रानात फुलोरा आहे तोवर त्याला कुणी काही म्हणत नाही. फुलोरा संपला की कामकरी माशा त्याचे पंख कुरतडून त्याला बाहेर ढकलतात. हंबीरराव दारात टेकून ऐकत होते. कागलला एका कारखान्यात त्यांची चार बोटं गेली, तेव्हापासून घरीच असतात. दिवसभर गाणी म्हणतात, मला 'माशीवाल्या मॅडम' म्हणून चिडवतात. ते म्हणाले, "म्हंजे ह्या घरातला नर मीच की, मॅडम."

मी खूप हसले. बायका हसल्या नाहीत. वर्षाराणी दहावी शिकलेली, ती खाली मान घालून वहीत लिहीत राहिली.

नंतर हेही सांगितलं, की माशीने डंख केला की तिथे पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, आणि त्या वासावर बाकीच्या तुटून पडतात. म्हणून डंखाची जागा लगेच धुवायची. धोंडुबाई म्हणाल्या, हे त्यांना ठाऊक आहे, पुढचं सांगा.

६ मे

हिरड्याचा पहिला मध काढला. गडद, जरासा तुरट. बायकांचे हात माझ्यापेक्षा हलके आहेत.

दुकानातल्या फोनवर पृथ्वीराजचा फोन आला. कागलच्या एमआयडीसीत हंगामी पोरांना कमी केलं, त्यात तोही. मी म्हटलं, इकडे ये, खा आणि झोप. आनंदच झाला, लपवू कशाला? धोंडुबाईंनी विचारलं, लेक इथे काय करणार. काही नाही, म्हटलं. त्या शेंगा फोडत म्हणाल्या, "पावसाळा लांब असतोय, बाई. बसून खानारं तोंड कुनाला परवडतंय?" मला ती थट्टा वाटली.

वाडीत म्हातारे बाप्ये का दिसत नाहीत, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलं, की दरसाल पावसाआधी माशा उठतात आणि एखादा जातो. त्यांचे मालकही तसेच गेले. कौल गळतंय म्हणावं, तशा म्हणाल्या.

१५ मे

पृथ्वी आला. वाळला आहे. तीन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी वाढताना धोंडुबाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. तो बारा बारा तास झोपतो. मी उठवत नाही.

रान करपलं. करंजाची शेवटची फुलं गळली. पेट्यांच्या दाराशी नर माशा पडल्या आहेत, पंख तुटलेल्या, जमिनीवर गोल गोल फिरणाऱ्या. साखरपाणी ठेवलं तर कामकरी माशा नरांना राहू देतात, मी ठेवलं. सकाळी भांडी पालथी केलेली होती. बायका रांगेने उभ्या राहून बघत होत्या. वर्षाराणी हळूच म्हणाली, "आमच्यात बी असंच असतंय, बाई."

२३ मे

हंबीरराव गेले.

दुपारी विहिरीवर निघाले होते. बायकोने धुतलेला पांढरा शर्ट घातला होता, माझ्या खिडकीपाशी थांबून गाणं म्हटलं. पिकल्या केळ्यांचा वास आला. कुणीतरी केळी आणली असतील, एवढंच माझ्या मनात आलं. मग कडा आवाज करू लागला. काळी घोंगडी सुटली आणि माणसावर पडली. शर्ट दिसेनासा झाला. ते पळाले, आपल्याच दारावर आदळले. आतून कडी होती. तोंड उघडलं तर तोंडात माशा गेल्या. बिनबोटांच्या हाताने ते दार वाजवत राहिले, डोळे बंद झाले तरी वाजवत राहिले. मी माशा शांत करायचं धुराडं पेटवून पोचले तेव्हा चेहरा नव्हताच, नुसती सुजलेली, हलणारी कातडी.

दार नंतर उघडलं. वर्षाराणीने आधी उंबरा झाडला.

२४ मे

परसात खलबत्ता. तळाशी काळा चिकटा, पंखांचे तुकडे, नांग्या. तोच वास, त्या धुतलेल्या शर्टाचा.

पोलीस पाटीलही बाईच आहे. म्हणाली, माशांवर काय गुन्हा नोंदवायचा? ती विधवा आहे. इथल्या बहुतेक सगळ्या—

पृथ्वीला सांगितलं. तो हसला. आई, तू दमलीस, म्हणाला. उद्या दुपारच्या एसटीने जायचं, हे तरी कबूल केलं. सामान बांधते आहे. माशा इथेच राहू देत.

२५ मे

दाराला बाहेरून कडी. हाका मारून घसा गेला. खिडकीला गज.

पृथ्वी विहिरीवर अंघोळीला गेला आहे. विहिरीजवळच्या दोरीवर नवा शर्ट आहे, वर्षाराणीने दिलेला. तो किती खूश— तो घालूनच एसटीला—

कडा आवाज करतोय.

धोंडुबाई दाराबाहेर तांदूळ निवडत बसल्या आहेत, शेजारी वर्षाराणी. म्हणाल्या, "तू कामाची हाईस, बाई. आत बस."

वर्षा, हे पान दाराखालून सरकवते. त्यांना वाचता येत नाही, तुला येतं. तू नवऱ्यासाठी कडी काढली नाहीस, माझ्या लेकासाठी काढणार नाहीस, मला माहीत आहे. कडी राहू दे. फक्त त्याला हाक मार. तो शर्ट घालू नको म्हण. घातला असेल तर फेकून दे म्हण. पाण्यात उतरू नको, त्या वर घिरट्या घालत थांबतात— गोठ्याकडे, धुराकडे पळ म्हण— एकच हाक, वर्षा, तू नाहीच म्हणशील, तरी एकदा त्याला—