फ्लोर कुणाची

३ मे १९५१

मासे अडवायचे खुंट ठोकून संपले! ओहोटी लागल्यापासून गुडघाभर चिखलात उभी. किनाऱ्यावरून सासूबाई ओरडल्या, "एव्हारिस्तची रांग दोरीसारखी सरळ असायची!"

असायची. पायाखालचा बर्फ फुटून माझा नवरा नदीत गेला, त्याला चार हिवाळे झाले. तेव्हापासून त्याची मासळी मीच धरते. माझी रांग वाकडी आहे — पण आत शिरलेला मासा बाहेर जात नाही!

६ मे

एव्हारिस्तचा चुलतभाऊ तेलेस्फोर आला होता, शहरातला वकील. जुलैत आमच्या आडनावाच्या सगळ्या दुफूरांचा मेळावा भरवतोय. चर्चच्या पायऱ्यांवर प्रत्येक घरातलं एक मूल आपली पिढ्यान्‌पिढ्यांची नावं म्हणणार. आधी बापाकडची, मग आईकडची. आमच्या घरातून माझी लेक फ्लोर.

आईकडची!

७ मे

काही लिहावंसं वाटत नाही.

२० मे

धिरडी घालता घालता सासूबाई नातीला शिकवत होत्या. "फ्लोर एव्हारिस्तची, एव्हारिस्त ओनेझिमचा, ओनेझिम फेरेओलचा…" थेट जहाजातून उतरलेल्या पहिल्या दुफूरपर्यंत. गावात दर दुसरं घर दुफूर, आडनावाला विचारतो कोण! बाप-आजा सांगितला की माणूस कळतो. फ्लोर एका दमात म्हणते. इतकं बरं वाटतं ऐकून!

मग म्हणाली, "आजी, आता आईकडचं."

सासूबाईंनी धिरडं उलटलं. पुन्हा उलटलं.

लग्न होऊन आले तेव्हा दारातच विचारलं होतं त्यांनी — "कुणाची गं तू?" मी म्हटलं, "कुणाचीच नाही." सूप वाढलं, खोली दिली. पण माझं नाव त्यांनी गावात कधी घेतलं नाही. "ही आमच्या एव्हारिस्तची." बस्स.

दुपारी फ्लोरला सगळं सांगितलं. मी म्हणजे अनाथाश्रमाच्या दारात ठेवलेलं बाळ. सिस्टरांनी मारी झेलिया नाव ठेवलं. मारी तर इथली प्रत्येकच मुलगी, म्हणजे माझं असं फक्त झेलिया. आडनाव त्या दिवशी जे सुचलं ते.

"मग मी काय म्हणू गं?"

"खरं असेल ते म्हण."

१५ जुलै, रविवार

माणसंच माणसं! टेबलावर साखरेची टार्टं, डुकराचा खिमा भरलेली टार्टं, दोन फिडलवाले. आणि पायऱ्यांवर पोरं.

फ्लोरनं बापाकडची नावं खणखणीत म्हटली, एकही चुकलं नाही. टाळ्या पडल्या. तेलेस्फोर तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "शाब्बास! आईकडचं राहू दे हं, बाळ. चला, पुढचा कोण?"

फ्लोर जागची हलली नाही. "पण मला येतं की! मी झेलियाची."

"बरं. आणि झेलिया?"

तिनं गर्दीत मला शोधलं. मागे कोणीतरी खुदकन हसलं.

मी उभी राहिले. कशी राहिले कोण जाणे! "झेलियाच्या मागे कोणी नाही, तेलेस्फोर भावजी. आईकडचं माझ्यापासूनच धरा."

 आवाज जरासुद्धा कापला नाही! फ्लोर तिथूनच माझ्याकडे बघून हसली, समोरचे पडलेले दात दाखवत. एवढी मान ताठ करून मी त्या चर्चसमोर कधी उभी राहिले नव्हते.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. घरी येताना माझ्या चार पावलं पुढेच चालत राहिल्या.

१६ जुलै

 सूप खारट झालं होतं, तरी सासूबाईंनी नावं ठेवली नाहीत! हे जास्त भीतीचं.

२८ जुलै

मासळी घ्यायला आज नवा व्यापारी आला. मी आत शेडमध्ये मीठ लावत होते, सासूबाई दारात बसलेल्या. धक्क्यावरच्या लोकांनी त्याला आमच्याकडे धाडलेलं. त्यानं लांबूनच हाक दिली, "झेलियाकडच्या ओबेलिनबाई त्या तुम्हीच का?"

माझा हात मिठातच राहिला. पन्नास वर्षं ज्या ओनेझिमची ओबेलिन म्हणूनच मिरवल्या, त्यांना हे! आता या माणसाचं काही खरं नाही.

सासूबाईंनी एप्रनला हात पुसले.

"हो, मीच. या, बसा."