शंभरपैकी चौऱ्याण्णव

१ नोव्हेंबर, सकाळी ७
धाकट्या कन्येने काल आत्याला फोनवर सांगितले की, बाबा जुनाट गहू पेरायचा हट्ट धरून बसलेत. दुरुस्ती आवश्यक. हट्ट नव्हे, निर्णय. जुनाट नव्हे; मी स्वतः निवडलेला गहू पत्र्याच्या डब्यात अवघी सहा वर्षे आहे. बियाणे-तपासणीत माझी एकतीस वर्षे गेली. शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजवर, उबेला ठेवले.

९ नोव्हेंबर
कोंब चौऱ्याण्णव! शेरा : उत्कृष्ट.
धाकटी म्हणाली, "बाबा, उगवण म्हणजे जोम नव्हे. मऊ बिछान्यावर सगळेच उठतात, उशिरा का होईना. तीन दिवस दमट उष्णतेत ठेवून मग टेस्ट करू." हे मीच तिला शिकवले होते. तरी माझ्या दाण्यांचा छळ होऊ देणार नाही. चौथ्या दिवशीच्या मोजणीबद्दल तिने विचारले; जोम त्यावरूनच कळतो. ते पान सापडत नाही.
नोकरी सोडून ती यंदा प्रथमच शेत कसते आहे. शेवटी म्हणाली, "तुमच्या हातचं आहे, म्हणून पेरते."

१२ नोव्हेंबर
पेरणी. माती गार, ओली. माझा गहू डगमगणारा नव्हे.

२० नोव्हेंबर
शेत कोरे. उत्तम बियाणे घाई करत नाही.

२४ नोव्हेंबर
तुरळक पाती. दोष पाखरांचा. पाखरे दिसली नाहीत, लबाड जात. जावई म्हणाले, "मामा, ओळ कुठून कुठे जाते तेवढं दाखवा ना." मी पाखरे हाकायला निघालो.

२७ नोव्हेंबर
धाकटीने माती उकरून मूठभर दाणे पुढे धरले. कोंब फुटून मातीखालीच वळलेले. वर यायची ताकदच नाही. मग तिने ते पुन्हा मातीत झाकले. रागावली असती तर बरे झाले असते.

२८ नोव्हेंबर
शेताच्या वहीत तिने लिहिले आहे : "थंडीमुळे उगवण झाली नाही." नोंद चुकीची आहे. बांधापलीकडे त्याच थंडीत गहू बोटभर उभा आहे. तिने मला सांभाळून घेतले, हे समजते. तथापि चुकीची नोंद मला राहू देता येत नाही. दुरुस्त तपशील :

डबा भरला : सहा वर्षांपूर्वी नव्हे, नऊ.
पहिली मोजणी : ५ नोव्हेंबर. कोंब एकोणतीस. पान माझ्या चष्म्याच्या डबीत आहे.
दुसरी मोजणी : ९ नोव्हेंबर. चौऱ्याण्णव. खरी, पण निरुपयोगी.
पेरणी : १२ नोव्हेंबर. थंडी निर्दोष.
दुबार पेरणी : उद्या, २९ नोव्हेंबर. बियाणे तिचे. मला पिशवी धरायला बोलावले आहे.