भाता अजून उत्तम आहे

१२ ऑक्टोबर
क्लबच्या क्रेननं आज सगळ्यांच्या बोटी हिवाळ्यासाठी पाण्याबाहेर काढल्या. यंदाही सुरक्षा-प्रमुख मीच. बिनविरोध. दुसरं कोणी उभंच राहत नाही, असं मायकेन म्हणते. बायकोला नवऱ्याचं कौतुक कधीच नसतं.
पहिल्याच फेरीत आल्गोतची बोट नापास केली. मागच्या ड्राइव्हचा, म्हणजे बाहेरच्या पंख्याच्या जोडणीचा, रबरी भाता तडकलेला! एवढंसं रबर, पण इंजिनाचा दांडा जिथून बोटीबाहेर पडतो तिथलं भोक तेच झाकतं. ते फाटलं की समुद्र आत. चारचौघांत सुनावलं त्याला : भाता दर वर्षी तपासायचा, दोन वर्षांनी बदलायचा, चालढकल नाही. छान बोललो.

१३ ऑक्टोबर
आल्गोत विचारत होता, तुझ्या भात्याचं काय? माझा अलीकडेच बदललाय. शिवाय बाकीचे लोक हिवाळ्यात ड्राइव्ह खाली सोडतात, भात्याच्या घड्या मोकळ्या राहाव्यात म्हणे. मी वर उचलून ठेवतो. रुबाबदार दिसतं.

२ मार्च
सासूबाईंचा फोन. वय एक्याण्णव. यंदा जूनमधल्या मिडसमरच्या सणाला त्यांना ग्रोहोल्मेनला जायचंय. जन्म तिथलाच. एकदा बघून येते, म्हणाल्या. त्या बेटावर फेरीबोट जात नाही. मी तत्काळ शब्द दिला. मायकेनचे डोळे भरून आले. मग डोळे पुसून म्हणाली, हालवार, आधी भाता बदल.
आईच्या भावनांमध्ये रबर कुठून आलं?

१९ एप्रिल
भाता नेमका कधी बदलला, यावरून वाद. मी म्हणालो, परवा-परवा. मायकेन म्हणाली, कुत्रं घरी आणलं त्या उन्हाळ्यात. काढलेला जुना भाता त्या पिल्लानंच चावून फाडला होता, विसरलास?
कुत्र्याकडे पाहिलं. तोंड पांढरं झालंय, जिना चढवत नाही. काही कुत्री लवकर म्हातारी होतात.

२७ एप्रिल, दुपारी
तपासणी केली. टॉर्च घरी राहिला. वरवर पाहता भाता उत्तम. तेवढ्यात आल्गोत नाक खुपसायला आला. घडी बोटांनी ताणून दाखवली. आत भेगाच भेगा. मी म्हणालो, सुरकुत्या आहेत, मलाही आहेत. तर म्हणतो कसा, तुला उन्हाळाभर पाण्यात बांधून ठेवत नाहीत, लेका.
वाह्यात माणूस. जाताना एक नवा भाता माझ्या हातात कोंबून गेला. स्वतःसाठी आणताना दोन आणले होते म्हणे. बोटीच्या केबिनमध्ये ठेवला. सुरक्षेच्या वस्तू बोटीतच हव्यात.
ठराव : येत्या रविवारी बदलणे.

४ मे
रविवार. पाठ धरली.

११ मे
बोटी पाण्यात उतरल्या. माझा भाता आता पाण्याखाली. दिसतच नाही, म्हणजे बदलण्याचा प्रश्नच मिटला. मनावरचं ओझं उतरलं.

३० मे
बोटीतलं पाणी आपोआप उपसणारा पंप फार गुणी निघाला. दिवसभर चालतो. मागून सारखी धार. आल्गोत म्हणतो, बोट तुझ्याच वयाची झाली रे, सारखं जावं लागतं तिला. म्हणू दे. सोलर पॅनेलवर बॅटरी भरते, खर्च शून्य. जळतात मेले.

१० जून
मायकेन म्हणाली, पंप चालतोय म्हणजे पाणी आत येतंय ना? मी शांतपणे समजावलं, पंप चालतोय म्हणजे पाणी बाहेर जातंय. ती कुत्र्याला खायला घालायला उठली. पटलं असावं.

१९ जून
सणाच्या तोंडावर दरवर्षीसारखं आभाळ गच्च. उन्हाचं नाव नाही. आणि आज पंप थांबला! गळती बंद. रबर पाण्यात फुगतं आणि भेगा आपोआप बुजतात, असं माझं निरीक्षण. क्लबच्या बैठकीत मांडणार आहे.
सासूबाई आल्या. बेटावरच्या घराची दगडी पायरी तेवढी राहिली असेल का, हेच पुन्हा पुन्हा विचारत होत्या. म्हटलं, सगळं माझ्यावर सोडा.

२० जून, सकाळी
धक्क्यापाशी बोटीचं फक्त नाक वर. मागचा भाग तळाला टेकलेला. सगळा क्लब जमला आणि बादल्या आणायला धावला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
केबिनमधून एकेक वस्तू तरंगत बाहेर आली. उशी. थर्मास. आणि पिशवीत सीलबंद असलेला नवा भाता. आत पाण्याचा थेंब नाही. सासूबाई डोक्याला रुमाल बांधून तयार उभ्या होत्या. विचारलं, जावईबापू, ते काय आहे हो?
मी पिशवी पाठीमागे लपवली. लाज वाटली. खरोखर वाटली.

दुपारी
आल्गोत त्यांना घेऊन गेला. मी नापास केलेल्या बोटीतून. हेरिंग मासे, नवे बटाटे, स्ट्रॉबेरीचा केक, मायकेन, सगळं तिकडे. मलाही ये म्हणाला. सुरक्षा-प्रमुखानं जागा सोडणं बरं नव्हे, म्हणालो. सासूबाईंनी वळून हात हलवला. मीही हलवला. हातात बादली होती.

संध्याकाळी
आले सगळे. सासूबाईंनी माझ्यासाठी केकचा तुकडा रुमालात बांधून आणला. पायरी आहे म्हणाल्या, तिच्यावर बसूनच केक खाल्ला. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, जाऊ द्या, जावईबापू, पुढच्या वर्षी तुमच्या बोटीतून जाऊ.
मी आयुष्यभर सगळं पुढच्या वर्षीवर ढकलत आलो. आज ते शब्द ऐकून केक तसाच रुमालात परत बांधला.