दोर चाकावर असताना

आबा, मी असोद्यात आहे. केळीच्या बागेत, विहिरीवरच्या इंजिनाजवळ बसून हे लिहितोय. तुम्ही गेलात, धुळ्यातलं आपलं वर्कशॉप उठलं, तेव्हापासून गावोगाव इंजिनं दुरुस्त करत फिरतो. मध्ये ट्रकवर क्लीनर होतो, दीपनगरला विटाही वाहिल्या, ते असू दे. हे इंजिन आत्ताच सुरू झालंय. पाण्याचा भार आला की त्याचा आवाज खाली बसतो, आणि तुम्ही काटा वाचताना ऐकू येता.

तो सोनगीरचा शेतकरी आठवतो? पाच हॉर्सपॉवरचं जुनं इंजिन घ्यायला आलेला. "आबा, मन्ही बैलजोडी कितला घोडानी शे?" तुम्ही हसलात. "झटका मारी तवय पाच बी भरी. पन दिनभर वढी का?" मग माझ्याकडे वळलात. पंचाहत्तर किलो एका सेकंदात मीटरभर उचलायचं आणि उचलतच राहायचं, तो एक घोडा. "रिकामं चाक काय, जोरातच फिरतं. तुझ्यासारखं." बोचलं होतं ते.

इंजिन खरंच पाचचं आहे का, हे त्याच्यासमोर मोजायचं होतं. चाकावर दोर गुंडाळला, एका टोकाला वजनं, दुसऱ्या टोकाला स्प्रिंगकाटा. वजनातून काट्याचा आकडा वजा करायचा, चाकाचा घेर धरायचा, मिनिटाचे फेरे धरायचे. पुढे नुसता गुणाकार-भागाकार. घासून चाक तापतं, म्हणून मी पाणी ओततोय. तुम्ही स्टुलावर बसून काटा वाचताय. मग वाचत नाही. मान छातीवर आलीय. मी तुम्हाला धरलंय, पाणी ओतायला कोणी नाही, दोर धुमसतोय आणि इंजिन तसंच ओढतंय. शेजारचे ओरडतात, बंद कर. तुमचा हात अजून गरम आहे. मला वाटतं, हे ओढतंय तोवर तुम्हीही आहात. शेवटी त्या शेतकऱ्यानेच लिव्हर ओढला. "पोरा, आबा गयात रे," तो म्हणाला, आणि ते मला फारच स्पष्ट ऐकू आलं.

जळक्या दोराचा वास इथेही येतोय. इथे दोर नाही.

मळ्याचे मालक पुन्हा हाक मारून गेले. "बंद कर ना भाऊ, पाणी बांधावरून चाललं." करतो म्हणालो. आबा, तुम्ही गेल्यापासून एकही चालू इंजिन मी माझ्या हाताने बंद केलेलं नाही. कोणाला तरी सांगतो, नाहीतर डिझेल संपेपर्यंत असं काहीतरी लिहीत बसतो.