आप्पांच्या फियाटचा डायनामो

प्रिय भूपेंद्र,

फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते, म्हणून लिहिते आहे.

आप्पांना जाऊन महिना होत आला. नवागामच्या घरात आता आई आणि मी. त्यांची फियाट दारातच उभी आहे. तेराव्याला तू ती चालू केलीस, डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा पेटलेला पाहिलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "डायनामो गेला. भंगारात द्या." मला कुणी विचारलं नाही. गाडीतलं तुलाच कळतं, हे आपल्या घरात कधीचंच ठरलेलं.

दर रविवारी आप्पा चार्जिंग तपासायचे. एकाने बॅटरीला मीटर लावायचं, दुसऱ्याने आत बसून रेस द्यायची. दुसरा कायम तू. मला म्हणायचे, "ओढणी इंजिनच्या पट्ट्यात अडकेल." मी फ्रॉक घालायचे तेव्हाही हेच. तू पुण्याला गेलास, तर त्यांनी पेडलवर अर्धी वीट ठेवली. मी आत ओट्यापाशीच होते. वीट चालली, मी नाही. त्या विटेचाही मला राग यायचा. तुझा तर होताच.

पण आत बसून तुला मीटर दिसायचं नाही. चहा घेऊन बॉनेटपाशी मी उभी असायचे, आणि आप्पा आकडे पुटपुटायचे.

काल आईला सीटवर बसवलं. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. तरी म्हणाली, "भिंतीला धडकली तर मला बोलायचं नाही हं." इंजिन बंद असताना मीटर साडेबारा व्होल्ट. चालू केल्यावरही तेवढंच, आणि लाल दिवा पेटलेला. तू इथेच थांबलास. इंजिन सावकाश चालत असताना हा जुना डायनामो चार्ज करतच नाही. आईने रेस दिली आणि ओरडली, "विझला गं!" मीटर चौदावर गेलं, म्हणजे बॅटरी चार्ज होत होती. हेडलाइट लावले तरी तेराच्या खाली आलं नाही.

मला फार बरं वाटलं. मग आठवलं, शेवटच्या दिवसांत चमच्याने पाणी मी पाजत होते आणि ते नाव तुझं घेत होते.

तू पाठवलेला भंगारवाला आज सकाळी आला. मी त्याला परत पाठवलं. गाडी चांगली आहे हे कळलं की तू ती न्यायला येशील, म्हणून हे पत्र. त्यांचं घड्याळ ने, हत्यारांची पेटी ने. आप्पा तर तुझेच होते. गाडी मला राहू दे.

तुझीच,
उज्ज्वलाताई